आम्हीं 'कादंबरी' वाचली

शाळेच्या ग्रंथालयाच्या तासाला नववींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, कादंबऱ्यांच्या कपाटांत 'कादंबरी' नांवाचें पुस्तक आहे का?" त्याचे सोबती हसले. क्षणभर आम्हीही हसलों. परंतु मुलाचा प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्याला आपण मराठींत कादंबरी म्हणतों तें नांव मुळांत एका स्त्रीचें आहे, असें त्यानें कोठेंसें वाचलें होतें, व त्या स्त्रीची गोष्ट त्याला पाहावयाची होती. कपाटांत तें पुस्तक नव्हतें. "घरची प्रत आणून देतों," असें आम्ही बोलून गेलों, आणि लगेच आठवलें कीं, घरची प्रत कोणाच्या हातीं देण्याजोगी राहिलेली नाहीं. त्या मुलाला एक संक्षिप्त मराठी रूपांतर मिळवून दिलें. पण घरची प्रत कां दिली नाहीं हें सांगावयाचें राहून गेलें. वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा चार पानें मागितलीं, तेव्हां तेंच लिहावें असें मनांत आलें.

मुलाचें म्हणणें खरें आहे. सम्राट् श्रीहर्षाच्या (इ. स. ६०६ ते ६४७) दरबारीं असलेल्या बाणभट्टानें संस्कृत गद्यांत जी प्रेमकथा रचली, तिच्या नायिकेचें नांव कादंबरी. इंग्रजी 'नॉव्हेल'ची ओळख झाल्यावर त्या प्रकाराला नांव हवें होतें. तें आपल्या पूर्वजांनीं या नायिकेकडून उसनें घेतलें. कन्नड भाषेनेंही तेंच केलें. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें. त्याला पहिल्या मराठी कादंबरीचा मान देतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं आपल्या 'संस्कृत कविपंचका'त बाणाला कालिदास-भवभूतींच्या पंक्तीस बसविलें. बाणाचें कथाबीज गुणाढ्याच्या 'बृहत्कथें'तलें मानतात, आणि गुणाढ्य तर आख्यायिकेप्रमाणें आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरींचा. असें असून पुण्यांत कादंबऱ्या वाचणारे हजारों, पण 'कादंबरी' वाचलेले बोटांवर मोजण्याइतके. पंचेचाळिशी येईपर्यंत आम्हीही त्या हजारांतच होतों.

आमचे वडील, ज्यांना घरींदारीं सारे नाना म्हणत, संस्कृतचे शिक्षक होते. दहावीनंतर आम्ही शास्त्रशाखेकडे वळलों, तेव्हां "संस्कृत अगदींच सोडूं नकोस," एवढेंच ते म्हणाले. त्यावर आम्हीं जें उत्तर दिलें तें आजही जसेंच्या तसें आठवतें. "मेलेल्या लोकांचीं तीं पुस्तकें तुमचीं तुम्हांलाच लखलाभ होवोत," असें आम्ही म्हणालों. सोळा वर्षांच्या मुलाला आपलें बोलणें मोठें चमकदार वाटतें. नानांनीं चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. त्यानंतर एकोणतीस वर्षें त्यांनीं आमच्यापुढें संस्कृतचा विषय काढला नाहीं. ते रागावले नव्हते. सणावारीं हंसत, बोलत, नातवंडांना गोष्टी सांगत. फक्त तेवढें एक दार त्यांनीं लावून घेतलें होतें, आणि तें ठोठवावें असें आम्हांलाही कधीं सुचलें नाहीं.

पुढें काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. दिवाळीच्या सुट्टींत एके दुपारीं आम्ही त्यांच्याजवळ बसलों असतां ते म्हणाले, "अरे, फडताळांत खालीं एक तांबडट पुस्तक आहे. अर्धें चिकटलेलें. तेवढें जरा वाचून दाखवतोस का? अर्थ नाहीं कळला तरी चालेल, अक्षरें वाच."

तें पुस्तक म्हणजे निर्णयसागर छापखान्याची, आमच्या आजोबांनीं घेतलेली 'कादंबरी'ची प्रत. वर मूळ ग्रंथ आणि खालीं बारीक टाइपांत भानुचंद्र व सिद्धचंद्र या, अकबराच्या दरबारीं वावरलेल्या, दोघां जैन मुनींची टीका. पूर्वभागावर गुरूची, उत्तरभागावर शिष्याची. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी नारायण पेठेंत शिरलें, तेव्हां नाना सोळा वर्षांचे होते. घरचीं माणसें वेळेवर बाहेर पडलीं. दोन दिवसांनीं परत येऊन पाहतात तों फडताळाच्या खालच्या फळीवर गाळ, आणि गाळांत हें पुस्तक आडवें पडलेलें. वरच्या अंगाचा पूर्वभाग ओल लागून डागाळला, पण वांचला. खालचा उत्तरभाग गाळ पिऊन सुकला व त्याची वीट झाली. पूर्वभागांत शेवटाकडे एका ओळीखालीं शिसपेन्सिलीची रेघ आहे. पुराच्या आदल्या संध्याकाळीं आजोबांचें व नानांचें वाचन तेथवर आलें होतें. आजोबा पुढें बारा वर्षें जगले. पण घर पुन्हा उभें करण्याच्या रगाड्यांत तें वाचन मागें पडलें तें पडलेंच.

आमच्या वाचनाचा आरंभ फजितीनें झाला. विदिशा नगरीच्या शूद्रक राजापासून कथा सुरू होते. राजा होता, इतकें पहिल्याच शब्दांत कळतें. परंतु कोणता राजा हें समजण्यास विशेषणांची लांबलचक रांग संपावी लागते. आम्ही तिसऱ्या ओळींतच धापा टाकूं लागलों. नाना हंसले. "नांव येईपर्यंत दम धर. बाण कोणाचीही अर्धीमुर्धी ओळख करून देत नाहीं." मग त्यांनीं समास कसा सोडवावा, श्लेषांतले दोन अर्थ कसे वेगळे धरावे, हें एकेका शब्दावर थांबून सांगितलें. वेबर नांवाच्या जर्मन पंडितानें बाणाच्या गद्याला हिंदुस्थानांतल्या अरण्याची उपमा देऊन, झुडुपें तोडल्यावांचून तेथें पाऊल टाकतां येत नाहीं, अशी तक्रार केली आहे. आम्हांला ती तक्रार अगदीं पटली होती. नानांना ती सांगितली, तेव्हां ते म्हणाले, "अरण्यांत गाडी घालायचीच कशाला? पायीं जावें." दिवसाला कधीं एक पान, कधीं चार ओळी. पौष उजाडेपर्यंत आम्हांस त्या चालीची संवय झाली, आणि एक दिवस टीकेकडे न पाहतां एक अख्खें वाक्य आमचें आम्हांला लागलें. त्या दिवशींचा आनंद बी. एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.

कथानक येथें सविस्तर सांगत नाहीं. एक चांडालकन्या शूद्रकाच्या सभेंत बोलका पोपट आणते. पोपट आपली हकीकत सांगतो. त्या हकीकतींत जाबालि मुनि दुसरी कथा सांगतात. आणि तिच्यांत महाश्वेता आणखी एक. एकीच्या पोटांत दुसरी, अशी ही रचना आहे. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या एका जोडप्याचा पाठलाग करतां करतां वाट चुकतो व कैलासाजवळ अच्छोद सरोवराच्या कांठीं येतो, येथवर आम्ही फाल्गुनांत पोंचलों. येथून पुढचा भाग मात्र भराभर ओलांडून जाववत नाहीं.

चंद्रापीडाला महाश्वेता दिसण्यापूर्वीं ऐकूं येते. निर्मनुष्य रानांत वीणेचा व गाण्याचा स्वर येतो. त्याच्या रोखानें जातां जातां तो शिवालयापाशीं येतो, आणि तेथें ती गात बसलेली. मग बाण तिचें वर्णन करूं लागतो. सारी उपमानें पांढऱ्या वस्तूंचीं. पांढऱ्यावर पांढरें रचीत तें वाक्य पानामागून पानें चालतें. आम्हांला वाचतांना मध्येंच कंटाळा आला, हें कबूल करतों. मान वर करून पाहिलें तों नाना खिडकीकडे तोंड करून अगदीं निश्चल बसले होते. ज्याला वर्षभर उजेडाचा एक पुसट ठिपकादेखील दिसला नव्हता, तो मनुष्य तें सारें पांढरेपण पाहत होता. "थांबलास कां?" ते म्हणाले. आम्ही पुढें वाचूं लागलों.

महाश्वेता आपली कथा आपल्याच तोंडानें सांगते. वसंत ऋतूंत आईबरोबर ती सरोवरावर स्नानाला आली होती. एका अपूर्व सुगंधामागें जातां तिला पुंडरीक हा तरुण तपस्वी दिसला. त्यानें आपल्या कानावरची मंजरी तिच्या कानावर ठेविली, आणि त्या गडबडींत त्याच्या हातांतील जपमाळ गळली. ती हिनें झेलून गळ्यांत घातली. त्यानें माळ परत मागितली, तेव्हां हिनें भांबावून स्वतःचा मोत्यांचा सर त्याच्या हातीं दिला. एवढाच काय तो दोघांचा सहवास. संध्याकाळीं त्याचा मित्र कपिंजल तिच्या घरीं येऊन सांगतो कीं, पुंडरीकाचे प्राण कासावीस झाले आहेत. चंद्रोदयानंतर ती निघते. जवळ येते तों दुरूनच कपिंजलाचा आक्रोश ऐकूं येतो. ती पोंचण्याच्या थोडें आधींच सारें आटोपलेलें असतें. ती चिता रचूं लागते, तेव्हां चंद्रबिंबांतून एक दिव्य पुरुष उतरतो, पुनर्भेटीचें आश्वासन देतो व तें शरीर घेऊन वर जातो. तेव्हांपासून ती त्या कांठावर वाट पाहत आहे. मैत्रीण अशा दुःखांत असतां आपण विवाह करावयाचा नाहीं, असा तिच्या सखीचा, कादंबरीचा, निश्चय आहे. आणि ग्रंथाला जिचें नांव ती ही कादंबरी आपल्यापुढें येते तीही इतक्या उशिरां. आमच्या मतें ग्रंथ महाश्वेतेचा आहे. नांव तेवढें सखीचें.

हीच कथा पुढें मराठी रंगभूमीवर आली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' होऊन संगीत नाटकाचें युग सुरू झालें. अण्णासाहेबांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनीं बाणाच्या कथेवरून 'शापसंभ्रम' हें संगीत नाटक १८९३ सालीं लिहिलें. युरोपांतही असेंच घडत होतें. धाकट्या ड्यूमांची 'ला दाम ओ कामेलिया' ही शोकान्त प्रेमकथा १८४८ सालीं प्रसिद्ध झाली व पांचच वर्षांनीं व्हेर्दीनें तिच्यावरून 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा रचला. बाणाच्या ग्रंथाला आपल्या गायकांची वाट बाराशें वर्षें पाहावी लागली, इतकाच फरक. ऑपेऱ्यांत सारेंच गाऊन म्हणतात व आमच्या संगीत नाटकांत गद्य आणि पद्य हातांत हात घालून चालतात. पण गरज एकच. एका मर्यादेपुढें दुःख बोलून दाखवितां येत नाहीं. बाणानें जी नायिका गळ्यावरूनच ओळखीची केली, तिला नाटककारानें गाणें दिलें, यांत मोठेंसें नवल नाहीं.

आमच्या पणजोबांनीं 'शापसंभ्रम' पाहिलें होतें, असें घरीं सांगत. पुढें कथानक विचारलें तर त्यांना नीटसें सांगतां येत नसे. "फार रडलों," एवढेंच म्हणत. नानांना या गोष्टीचें हंसूं येई. त्यांच्या मतें नाटकानें बाणाचें अरण्य तोडून रस्ता केला. आम्हांस तसें वाटत नाहीं. तें नाटक रंगभूमीवर पाहण्याचा योग आम्हांस आला नाहीं. पण देवलांनीं नायिकेचें किंवा नायकाचें नांव न घेतां शापाचें नांव नाटकास दिलें, यावरूनच त्यांनीं नेमक्या जागीं बोट ठेविलें असें दिसतें. ज्या काळीं पुण्यांत विधवांच्या दुःखावरून रण माजलें होतें, त्या काळीं शुभ्रवस्त्रा महाश्वेतेचें गाणें प्रेक्षकांना केवळ पुराणांतलें वाटलें असेल काय? याच देवलांनीं सहा वर्षांनीं 'शारदा' लिहिलें, हें विसरतां येत नाहीं.

ज्येष्ठांत आम्ही आजोबांच्या रेघेपाशीं आलों. "रेघ आली," असें आम्हीं सांगितलें. नानांनीं पाणी मागितलें, दोन घोट घेतले आणि म्हणाले, "वाच पुढें." त्या दिवशीं नेहमींपेक्षां एक पान अधिक झालें.

आषाढाच्या शेवटीं पूर्वभाग संपला. 'संपला' हा शब्द बरोबर नाहीं. चंद्रापीड उज्जयिनीस परतला आहे. मागें राहिलेली पत्रलेखा येऊन त्याला कादंबरीची विरहावस्था सांगत आहे. आणि तिचें बोलणें चाललें असतांच ग्रंथ तुटतो. बाण तेथें वारला. पुढचा उत्तरभाग त्याच्या मुलानें लिहिला. त्याचें नांव कोणी भूषणभट्ट सांगतात, कोणी पुलिंद. आम्ही म्हणालों, "नाना, उद्यां दुसरी प्रत आणतों. पुढें काय होतें तें पाहूं." ते म्हणाले, "आणूं नकोस. पुढचा बाण नव्हे." आम्हीं हट्ट धरला. त्यांनीं उत्तरभाग परीक्षेसाठीं वाचला होता, वर्गांत शिकविला होता; मग आम्हांलाच तो नको कां? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो तूं वाच. नंतर."

भाद्रपदांत नाना गेले.

आम्हीं दुसरी प्रत आणली ती कार्तिकांत. उत्तरभागाच्या आरंभीं मुलगा सांगतो कीं, वडील स्वर्गवासी झाले व त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली. तिच्या अपुरेपणाचें सज्जनांना दुःख होतें, म्हणून आपण ती हातीं घेत आहों. कवित्वाच्या अभिमानानें नव्हे. पेरलें वडिलांनीं, आपण केवळ पीक गोळा करणारे, असाही त्याचा भाव आहे. नानांचा निर्णय चुकीचा नव्हता. मुलाचें गद्य बापाच्या गद्यासारखें डौलदार नाहीं. तो घाईनें चालतो, त्याला शेवट गांठावयाचा असतो. परंतु ग्रंथांतील सर्वांत भयंकर प्रसंग मुलानेंच लिहिला आहे, व त्याविषयीं नाना आम्हांजवळ अवाक्षर बोलले नव्हते.

चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन अच्छोदाच्या कांठीं येतो, आणि कांहीं हरवलेलें शोधीत असल्यासारखा तेथून हलत नाहीं. महाश्वेतेला पाहून तो तिच्यापाशीं प्रेमाची याचना करूं लागतो. पुंडरीकावांचून जिच्या मनांत दुसरें कोणी नाहीं अशी ती संतापून त्याला शाप देते: पोपटासारखें बोलतोस, तर पोपटच हो. तो तत्काळ निष्प्राण होऊन पडतो. आणि तो वैशंपायन म्हणजेच तिचा पुंडरीक. ज्याची वाट पाहण्यांत तिनें तारुण्य वेंचलें तो पुढ्यांत येऊन उभा राहिला, आणि तिनें त्याला ओळखलें नाहीं. तिच्याच शब्दानें तो गेला. ही वार्ता ऐकून चंद्रापीडाचेंही हृदय फुटतें. शेवटीं चंद्राचे शाप व प्रतिशाप उलगडतात, पोपट आणि शूद्रक देह टाकतात, चंद्रापीड उठतो, पुंडरीक आकाशांतून उतरतो व विवाह होतात. आम्हीं तो गोड शेवट वाचला, पण आमचें मन मागेंच राहिलें होतें. क्षमा झाली, भेट झाली. तरी तो शब्द तिच्या तोंडून निघाला होता हें कोणत्या उत्तरभागानें पुसलें जावें?

नानांनीं पुढचें वाचूं दिलें नाहीं तें केवळ बाणाच्या अभिमानापायीं, कीं आम्हांला त्या प्रसंगापाशीं त्यांच्यासमोर येऊं द्यावयाचें नव्हतें म्हणून, हें आतां कोणास विचारावें? आमचें सोळाव्या वर्षींचें बोलणें त्यांना आठवत होतें कीं नाहीं, हेंही आम्हीं कधीं विचारलें नाहीं. दिवाळीपासून आषाढापर्यंत रोज दुपारीं संधि होती. आम्ही समास सोडवीत बसलों.

मागील वर्षीं ती जुनी प्रत आम्हीं अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडे नेली. त्यांनीं चिकटलेला भाग हातांत घेऊन वजन पाहिलें, कडेवरून नख फिरविलें, आणि म्हणाले, "वाफ देऊन पानं सुटतील, मास्तर. पण अक्षरं समोरच्या पानावर जातील. दोन्ही वाचतां यायची नाहींत. काय करूं, सांगा."

आम्हीं पूर्वभागाची तेवढी शिवण घट्ट करून घेतली व पुस्तक तसेंच घरीं आणलें.